अकबर साडेसहाला कुठे होता? ‘बालभारती’तल्या गतीच्या पाठाची वाटचाल

नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकातला पहिला पाठ ‘गतीचे नियम’. त्यात एक तक्ता आहे. अमर, अकबर आणि अँथनी आपापल्या गाड्यांतून निघाले आहेत. पाच वाजता तिघंही शून्यावर. पुढे दर अर्ध्या तासाला कोण किती किलोमीटर गेलं, त्याचे आकडे. आठ वाजता अमर १२० किलोमीटरवर, अकबरही १२० वर, अँथनी ८४ वर.

हा तक्ता फळ्यावर काढला की मुलं आधी नावांना हसतात, मग आकड्यांकडे वळतात. अमर दर अर्ध्या तासाला वीस किलोमीटर जातो, अँथनी चौदा. अकबरचा मात्र काही नेम नाही. अठरा, पुन्हा अठरा, मग एकदम सहा, त्यानंतर अठ्ठावीस, पंचवीस, पंचवीस. ‘‘सहा ते साडेसहा नुसते सहाच किलोमीटर?’’ कुणीतरी विचारतं. ‘‘पंक्चर झाली असणार.’’ ‘‘घाट लागला असेल.’’ ‘‘चहाला थांबला.’’ इथे धडा खरा सुरू होतो, कारण आकड्यांमागचा रस्ता मुलांना दिसू लागलेला असतो.

मग आलेख कागद निघतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतर. अमर आणि अँथनीच्या रेघा सरळ येतात, अकबरची मोडत-मोडत जाते. साडेसहाला अँथनीची रेघ अकबरच्या रेघेला टेकते. ‘‘या क्षणी दोघांचं काय सारखं आहे?’’ असं विचारलं, तर निम्म्या वर्गाचं उत्तर असतं, ‘‘वेग.’’ ते चूक असतं. सारखी आहे ती जागा. दोघंही ४२ किलोमीटरवर आहेत. वेग पाहायचा तर रेघेचा चढ पाहायला हवा. अँथनी ताशी २८ किलोमीटरने एकसारखा चालला आहे. अकबर त्याआधीच्या अर्ध्या तासात ताशी १२ ने रखडत होता आणि नंतरच्या अर्ध्या तासात ताशी ५६ ने सुटला आहे. रेघा भेटल्या म्हणजे माणसं भेटली, वेग जुळले असं नाही.

हा तक्ता पुण्यातल्या शाळेत शिकवला जातो, तसा गडचिरोलीच्या आश्रमशाळेतही शिकवला जातो. इतक्या वर्गांत एकाच वेळी तो पोहोचवणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, सगळे ‘बालभारती’च म्हणतात. या संस्थेची वाटचाल अनेक अंगांनी सांगता येईल. विज्ञान शिकवणारी व्यक्ती म्हणून मी ती गतीच्या या एका पाठाच्या अंगाने सांगते आहे.

पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरची संस्था

मराठीतून पदार्थविज्ञान शिकवण्याची पुण्याची परंपरा बालभारतीपेक्षा शंभर वर्षांनी तरी जुनी आहे. लोकमान्य टिळकांचे गुरू केरो लक्ष्मण उर्फ केरूनाना छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकात गणित आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांवर शाळेतल्या मुलांसाठी मराठीत लिहिलं. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ शाळांची पुस्तकं खाजगी प्रकाशकांकडून येत. काही वाचनमाला उत्तम होत्या. आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने तर पिढ्या घडवल्या. पण गाव बदललं की पुस्तक बदले, आणि पुस्तकाबरोबर त्याचा दर्जा आणि किंमतही बदले.

१९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या राष्ट्रीय शिक्षण आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. दौलतसिंग कोठारी. ते स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. पाठ्यपुस्तकांची निर्मिती हे राज्यांनी गांभीर्याने उचलायचं काम आहे, त्यासाठी स्वतंत्र यंत्रणा हवी, हा विचार आयोगाने मांडला. त्यातून २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात या मंडळाची स्थापना झाली. चार वर्षांनी, नोव्हेंबर १९७१ मध्ये, मंडळाने मुलांसाठी ‘किशोर’ मासिक सुरू केलं. पाठ्यपुस्तक आणि अवांतर वाचन एकाच छताखाली आलं, आणि घराघरांत ‘बालभारती’ हे एका पुस्तकाचं नाव न राहता संस्थेचं नाव झालं.

विज्ञानाच्या पाठांना आणखी एका बदलाने वळण दिलं. १९७२ मध्ये राज्याने दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध स्वीकारला आणि १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. अकरावीची जुनी मॅट्रिक गेली. विज्ञान आता शाळेतल्या प्रत्येकासाठी दहावीपर्यंत आणि पुढे शाखा निवडणाऱ्यांसाठी कनिष्ठ महाविद्यालयात, अशी विभागणी झाली. गतीचा विषयही त्यात दोन तुकड्यांत वाटला गेला. एका रेषेतली गती शाळेत राहिली आणि प्रतलातली गती, म्हणजे फेकलेल्या चेंडूची गती, अकरावीत गेली.

आठवीपर्यंतची पुस्तकं बालभारतीची आणि त्यापुढची राज्य शिक्षण मंडळाची, अशी रचना अनेक वर्षं होती. नव्या अभ्यासक्रमाच्या वेळी नववी ते बारावीचं कामही बालभारतीकडे आलं. नववीचं पुस्तक २०१७ मध्ये, दहावीचं २०१८ मध्ये, अकरावीचं २०१९ मध्ये आणि बारावीचं २०२० मध्ये आलं. संस्थेला पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच वर्षी अमर, अकबर, अँथनी वर्गात दाखल झाले. गतीचा विषय सहावीपासून अकरावीपर्यंत सलग एकाच हातात येण्याचा योगही या नव्या पुस्तकांमुळेच जुळून आला.

सहावी ते अकरावी : पायऱ्या

सहावीला ‘गती व गतीचे प्रकार’. इथे मुख्यतः पाहायचं आणि ओळखायचं असतं. झोपाळा हलतो ती आंदोलित गती, पंखा फिरतो ती वर्तुळाकार, फुलपाखरू उडतं ती यादृच्छिक.

सातवीला ‘गती, बल व कार्य’. अंतर आणि विस्थापन इथे वेगळे होतात, चाल आणि वेग वेगळे होतात. रोजच्या मराठीत ‘चाल’ म्हणजे चालण्याची पद्धत, ‘वेग’ म्हणजे नुसतं जोरात जाणं. विज्ञानाला त्यांचे अर्थ नेमके हवेत. चालीला दिशा नाही, वेगाला आहे. घरातून वाण्याकडे जाऊन परत आलं, तर अंतर भरपूर कापलं जातं आणि विस्थापन शून्य राहतं. हे मुलांना पटतं, पण पचायला वर्ष जातं. म्हणून नववीच्या पाठात तो मुद्दा पुन्हा येतो. शीतल आधी मैत्रिणीच्या घरी जाऊन मग शाळेत जाते, प्रशांत थेट शाळेत जातो. दोघांची चाल सारखीच. मग आधी कोण पोहोचेल आणि का? एवढ्या साध्या प्रश्नावर सगळी संकल्पना उभी राहते.

शब्दांचीही वाटचाल झाली आहे. मराठी विश्वकोशात ‘प्रवेग’ आहे, आजच्या पाठ्यपुस्तकात ‘त्वरण’. दोन्ही शब्द चांगले आहेत. जुन्या शिक्षकांच्या तोंडी प्रवेग बसला होता आणि आताची मुलं गुरुत्व त्वरण सहज म्हणतात. शब्द कोणता यापेक्षा तो सहावीपासून दहावीपर्यंत तोच राहणं महत्त्वाचं, आणि एका संस्थेच्या हातात सगळे वर्ग असले की ते साधतं.

दहावीला ‘गुरुत्वाकर्षण’. नववीतली गतीची तीनही समीकरणं इथे मुक्त पतनासाठी वापरली जातात. आणि अकरावीच्या भौतिकशास्त्रात तिसरं प्रकरण प्रतलातल्या गतीचं. तिथे प्रक्षेप्य, म्हणजे फेकलेली वस्तू, येते.

या पुस्तकांच्या विज्ञान समितीत प्रा. दिलीप जोग होते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातले हे प्राध्यापक. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारी व्यक्ती नववीच्या पुस्तकाच्या समितीत बसते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कारण पहिली पायरी बांधायला वरचा मजला माहीत असलेला माणूस लागतो.

रेघेचा चढ आणि रेघेखालची जागा

गती शिकवण्यातली मोठी अडचण समीकरणांची नाही, ती तर मुलं दोन दिवसांत पाठ करतात. खरी अडचण आलेखाची आहे. मुलं आलेखाला चित्र समजतात. अंतर-काल आलेखात रेघ वर जाऊन आडवी झाली, की ‘‘गाडी घाट चढली आणि मग पठारावर आली’’ असं सांगतात. खरं तर आडवी रेघ म्हणजे गाडी उभी आहे. तीच आडवी रेघ वेग-काल आलेखात असली, की गाडी एकसमान वेगाने धावते आहे. रेघ तीच, अर्थ उलटे.

ही चूक फक्त आपल्याकडच्या मुलांची नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच अडचणींवर शोधनिबंध लिहिला. त्यांच्यासमोर महाविद्यालयात शिकणारे विद्यार्थी होते. १९९४ मध्ये रॉबर्ट बायक्नर यांनी गतीचे आलेख वाचता येतात का, हे तपासणारी चाचणी तयार केली. तिथेही आलेखाला चित्र समजणं आणि चढाऐवजी उंची वाचणं या चुका पुन्हा दिसल्या. म्हणजे आपल्या वर्गातला मुलगा ‘ढ’ नसतो. आलेख ही एक नवी लिपी आहे आणि ती शिकवावी लागते.

नववीच्या पाठाची जमेची बाजू इथे आहे. तो समीकरणं आकाशातून टाकत नाही, आलेखातून काढतो. आधी साधं उदाहरण. रेल्वे पाच तास ताशी ६० किलोमीटर वेगाने धावते. वेग-काल आलेखात एक आडवी रेघ येते. दोन ते चार या वेळात गाडी किती गेली? साठ गुणिले दोन, १२० किलोमीटर. आता त्या रेघेखालचा आयत पाहा. त्याची उंची साठ, रुंदी दोन, क्षेत्रफळ १२०. रेघेखालची जागा म्हणजे कापलेलं अंतर.

मग त्वरण असलेली गाडी. तिचा वेग दर पाच सेकंदांनी सेकंदाला आठ मीटरने वाढतो : शून्य, आठ, सोळा, चोवीस, बत्तीस. दहाव्या ते विसाव्या सेकंदात ती किती गेली? रेघेखाली आता आयतावर त्रिकोण बसलेला आहे. सुरुवातीचा वेग १६, शेवटचा ३२, सरासरी २४. वेळ दहा सेकंद. अंतर २४० मीटर. आयत म्हणजे सुरुवातीच्या वेगाने जितकं अंतर झालं असतं तितकं, आणि त्रिकोण म्हणजे वेग वाढल्यामुळे मिळालेलं जास्तीचं. ‘एस बरोबर यूटी अधिक अर्धा एटी वर्ग’ या समीकरणाचे दोन तुकडे म्हणजे हा आयत आणि हा त्रिकोण. त्यातला ‘अर्धा’ कुठून आला, हे ज्याने पाहिलं, तो ते कधी विसरत नाही. रेघेचा चढ म्हणजे त्वरण, त्यातून पहिलं समीकरण मिळतं. समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळातून तिसरं मिळतं. एका आकृतीत तीनही समीकरणं राहतात.

याच आकड्यांत आणखी एक गंमत दडलेली आहे. पहिल्या पाच सेकंदांत गाडी २० मीटर गेली, पुढच्या पाचांत ६०, मग १००, मग १४०. वीसने भागा : १, ३, ५, ७. स्थिर स्थितीतून निघून एकसमान त्वरणाने जाणारी वस्तू सारख्या कालखंडांत विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडलेला हा नियम. नववीच्या तक्त्यातून तो मुलांच्या स्वतःच्या हाताने बाहेर येतो, तेव्हा वर्ग काही क्षण गप्प होतो.

आलेख फक्त परीक्षेसाठी नसतो, हेही सांगावं. रेल्वेच्या नियंत्रण कक्षात आडव्या बाजूला वेळ आणि उभ्या बाजूला स्थानकं मांडलेला तक्ता असतो. त्यावर प्रत्येक गाडी म्हणजे एक रेघ. पुण्याहून मुंबईला निघालेली डेक्कन क्वीन ही त्या कागदावरची एक तिरकी रेघ आहे आणि समोरून येणारी गाडी तिला छेदणारी दुसरी. त्या रेघा वाचून गाड्या पुढे-मागे काढल्या जातात. अमर-अकबर-अँथनीचा आलेख वाचता येणारं मूल हा तक्ताही वाचू शकतं.

मैदानावरचा धडा

पुस्तक धडा वर्गात पोहोचवतं, पुढचं काम शिक्षकाचं. मैदानात फक्कीने वीस मीटरची रेघ आखावी, दर मीटरला खूण करावी. एक मूल चालेल, दुसरं दर दोन सेकंदांनी टाळी देईल, तिसरं टाळीच्या वेळी पाय कुठे होता ते लिहील. एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा मध्येच थांबून, एकदा मागे फिरून. मग वर्गात येऊन आपल्याच चालण्याचा आलेख काढावा. मागे फिरलेल्या मुलाची विस्थापनाची रेघ खाली येते, तेव्हा ते मूल म्हणतं, ‘‘मी इथे वळलो होतो.’’ रेघ आता त्याची झालेली असते.

पुण्यात अशा करून पाहण्याला मोठा आधार आहे. ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेची ‘पुलस्त्य’ ही वास्तू पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी काही वर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवून दाखवली. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७४ पासून विज्ञान कसं शिकलं जातं याचाच अभ्यास केला. गतीबद्दल आणि संदर्भचौकटींबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात काय पर्यायी कल्पना असतात, यावरही तिथे संशोधन झालं. बालभारतीचं पुस्तक या सगळ्या वातावरणात वाढलं आहे.

हवेतला चेंडू

दहावीत चेंडू सरळ वर जातो. सेकंदाला वीस मीटर वेगाने वर फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी दहा धरलं, तर त्याचा वेग दर सेकंदाला असा : वीस, दहा, शून्य, उणे दहा, उणे वीस. वरच्या टोकाला वेग शून्य. ‘‘मग त्वरणही शून्य का?’’ हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर आलेखात आहे. वेगाची रेघ शून्यातून जाताना जराही वाकत नाही, तिचा चढ तोच राहतो. चेंडू क्षणभर थांबला तरी पृथ्वी त्याला ओढायची थांबत नाही.

अकरावीत तो चेंडू तिरका जातो आणि अन्वस्त काढतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच. गतीचे दोन भाग एकमेकांकडे न बघता चालतात. आडवी गती एकसमान, उभी गती त्वरणयुक्त. टेबलाच्या काठावर दोन नाणी ठेवा. पट्टीने एक पुढे उडवा आणि त्याच क्षणी दुसरं काठावरून सरळ खाली पाडा. डोळे मिटून ऐका. ‘टण्’ असा एकच आवाज येतो.

आणि मग क्रिकेट. सेकंदाला वीस मीटर वेगाने ४५ अंशांत फेकलेला चेंडू, हवेचा विरोध सोडला तर, ४० मीटर जातो. ३० अंशांत आणि ६० अंशांत फेकला तर दोन्ही वेळा सुमारे ३४.६ मीटर. अंतर सारखं, पण वेळ सारखी नाही. ३० अंशांचा चेंडू पाच मीटर उंच जाऊन दोन सेकंदांत पोहोचतो. ६० अंशांचा पंधरा मीटर उंच जातो आणि जवळजवळ साडेतीन सेकंद घेतो. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक थ्रो आडवा का मारतो, ते मैदानावर खेळणाऱ्या मुलाला आधीच माहीत असतं. समीकरण त्याला सांगतं की तुझ्या हाताला जे कळलं होतं ते बरोबर होतं.

पुढची पायरी

अकरावीच्या उंबरठ्यावर मात्र मराठी माध्यमातल्या मुलाची एक पायरी उंच होते. विज्ञान शाखा इंग्रजीतून चालते. काल ‘विस्थापन’ म्हणणाऱ्या मुलासमोर आज ‘डिस्प्लेसमेंट’ येतं, ‘त्वरण’ जाऊन ‘अ‍ॅक्सिलरेशन’ येतं, आणि त्याच महिन्यात सदिश आणि कलनही येतात. हुशार मुलं इथे गप्प होताना मी पाहिली आहेत. त्यांना गती समजलेली असते, तिचं नवं नाव तोंडात बसलेलं नसतं.

या मुलांना सावरणारी एक गोष्ट नववीच्या पुस्तकाने त्यांच्या दप्तरात आधीच ठेवली आहे. ती म्हणजे आलेख. रेघेला भाषा बदलावी लागत नाही. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात, नवं पुस्तक उघडण्याआधी, एक तास द्यावा आणि तोच जुना तक्ता पुन्हा काढावा. चढ दाखवावा, रेघेखालची जागा दाखवावी, आणि प्रत्येक खुणेशेजारी मराठी आणि इंग्रजी दोन्ही शब्द लिहावेत. मूल ओळखीच्या आकृतीवर नवा शब्द ठेवतं, तेव्हा तो शब्द परका राहत नाही.

एका पिढीने गतीची समीकरणं पाठ करून गुण मिळवले. पुढच्या पिढीला ती रेघेतून दिसावीत, यासाठी पुण्यातल्या या संस्थेने वर्गामागून वर्ग पुस्तकं घडवली, शब्द पक्के केले आणि ती राज्यभर पोहोचवली. पाठ्यपुस्तकाचं यश मोजायला मला एकच प्रश्न पुरतो. वर्षाच्या शेवटी मी तो तक्ता पुन्हा फळ्यावर काढते आणि विचारते, ‘‘साडेसहाला काय सारखं आहे?’’ मागच्या बाकावरून उत्तर येतं, ‘‘जागा, बाई. अकबरचा वेग तर तिथेच बदलतोय.’’